चौघींच्या फ्लॅटमध्ये कोणता अ‍ॅम्प घेऊ?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

ती मूळची सांगलीची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. कर्वेनगरला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चौघी पेइंग गेस्ट म्हणून राहतात. घरमालकीण काकू खालच्याच मजल्यावर आहेत. मामाने तिला एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार दिली. आता अ‍ॅम्प घ्यायचाय, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, आणि हातात 12 हजार रुपये आहेत. कॉलेजचा एक सीनियर त्याचा 15 वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प याच पैशांत द्यायला तयार आहे; ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. ‘खरा आवाज ट्यूबचाच, आणि 15 वॅट म्हणजे काहीच नाही,’ असं तो म्हणतो. न्यू जर्सीचा चुलत भाऊ दिवाळीत येणार आहे, त्याच्याकडून काही मागवावं असंही डोक्यात आहे. आईचं म्हणणं, साधी गिटार वाजव, अ‍ॅम्पबिम्प नकोच. पुढच्या वर्षी फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या टीममध्ये गिटार वाजवायची तिची इच्छा आहे. खोलीतली जोडीदारीण सीएची आर्टिकलशिप करते, शेजारच्या खोलीतली ताई एमपीएससीचा अभ्यास करते. ‘दोघींना संगीताची आवड नाही, त्या कटकट करणारच. हेडफोन लावून वाजवलं तर मी कधीच खरी गिटारिस्ट होणार नाही. काय घेऊ, आणि यांना कसं पटवू?’

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या 15 वॅटबद्दल बोलू, कारण सगळा गुंता तिथून सुरू झालाय. वॅटचा आकडा दुप्पट झाला की आवाजही दुप्पट होतो, असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं. कान तसं ऐकत नाही. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला ताकद दहापट करावी लागते. म्हणजे 100 वॅटचा अ‍ॅम्प 10 वॅटच्या अ‍ॅम्पपेक्षा दुपटीच्या आसपासच मोठा वाटेल. हेच उलटं करून बघ. 15 वॅटवरून 5 वॅटवर आलीस तरी फरक जेमतेम 5 डेसिबलचा. गिटारसाठी बनवलेल्या बारा इंची स्पीकरला नुसता 1 वॅट दिला, तर मीटरभर अंतरावर साधारण 95 ते 100 डेसिबल आवाज होतो. तुझी खोली असून असून किती असेल, दहा बाय बारा? त्या खोलीत 1 वॅटसुद्धा जास्तच आहे. सीनियर खोटं बोलत नाहीये. ड्रम्सच्या शेजारी उभं राहून वाजवताना 15 वॅट खरंच थोडे पडू शकतात. पण तुझ्या खोलीत ड्रम्स नाहीत, दुसऱ्या कॉटवर दिवसभर ऑडिट करून झोपलेली मुलगी आहे.

आता ट्यूबचा आवाज. तो सुंदर असतो, हे मी मनापासून मान्य करते. पण तो सुंदर का होतो, ते समजून घे. जुन्या धाटणीच्या ट्यूब अ‍ॅम्पमध्ये शेवटच्या पॉवर ट्यूब, 15 वॅटच्या अ‍ॅम्पमध्ये बहुतेकदा ईएल-84 ची जोडी, त्यांच्या क्षमतेच्या काठावर गेल्या की आवाजाला तो गोड खरखरीतपणा येतो. काठावर जायचं म्हणजे आवाज मोठा करायचाच. व्हॉल्यूम एकवर ठेवून तो अ‍ॅम्प वाजवलास, तर ज्या गुणासाठी पैसे मोजलेस तो गुणच ऐकू येणार नाही. शिवाय अशा बऱ्याच अ‍ॅम्पची व्हॉल्यूमची खुंटी पहिल्या एक-दोन घरांतच उसळी मारते. ‘ऐकू येत नाही’ आणि ‘काकू वर आल्या’ यांच्यामध्ये बोटभरही जागा उरत नाही.

कोणीतरी सुचवेल, ‘स्पीकरची वायर काढ आणि हेडफोनवर वाजव.’ ट्यूब अ‍ॅम्पच्या बाबतीत हे चुकूनही करू नकोस. स्पीकर न जोडता तो चालवला तर आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. स्पीकरऐवजी जोडायचे लोड बॉक्स मिळतात, पण चांगला लोड बॉक्स तुझ्या सगळ्या बजेटएवढा महाग असतो. आणि तो अ‍ॅम्प उघडून आत डोकावणं तर नकोच. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात. एकूण सौदा वाईट नाही, फक्त तुझ्या आजच्या घरासाठी नाही.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर मी जास्त वेळ थांबले. ‘हेडफोन लावून वाजवलं तर मी कधीच खरी गिटारिस्ट होणार नाही.’ हे कुणी सांगितलं तुला? रियाज आणि कार्यक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रियाजात तुला स्वतःच्या चुका स्पष्ट ऐकू यायला हव्यात. कोणती तार नको असताना वाजतेय, कुठे पिक अर्ध्या मात्रेने आधी पडतंय, बेंड केलेला सूर पुरता चढला की नाही, हे सगळं चांगल्या हेडफोनवर जितकं निर्दय स्पष्ट ऐकू येतं तितकं खोलीत घुमणाऱ्या मोठ्या अ‍ॅम्पवर येत नाही. मोठ्या आवाजात चुका झाकल्या जातात, जास्त गेन, म्हणजे खरखरीतपणा वाढवणारी खुंटी, लावला की आणखी झाकल्या जातात. म्हणून रोजचा निम्मा रियाज तरी गेन अगदी कमी ठेवून, स्वच्छ आवाजात कर.

पण हेडफोनने सगळं शिकून होतं असंही मी म्हणणार नाही. अ‍ॅम्पसमोर उभं राहिल्यावर तारा स्पीकरच्या आवाजाने थरथरतात, फीडबॅक येतो, हात तारांवरून उचलला की घरघर सुरू होते. ते सांभाळणं हीसुद्धा विद्या आहे, आणि फिरोदियासाठी ती तुला लागेल. त्यासाठी घरात मोठा अ‍ॅम्प असायची गरज नाही. पुण्यात तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूम आहेत, तिथे ड्रम्स आणि मोठे अ‍ॅम्प तयारच असतात. टीममधले चार-पाच जण मिळून गेलात तर एकीच्या वाट्याला फार येत नाही. महिन्यातून दोनदा तिथे जा आणि मनसोक्त मोठ्याने वाजव. बाकीचे दिवस घरी, हळू.

हळू वाजवण्यात एक खरी अडचण आहे, ती आधीच सांगते, म्हणजे अ‍ॅम्प घरी आणल्यावर निराशा होणार नाही. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले तेवढे राहतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्ये मोजून दाखवलं. म्हणून दुकानात मोठ्याने वाजवून आवडलेला अ‍ॅम्प घरी हळू लावला की पातळ आणि कोरडा वाटतो. अ‍ॅम्प बिघडलेला नसतो, ऐकण्याची रीतच तशी आहे. आजकालच्या छोट्या डिजिटल अ‍ॅम्पचा फायदा इथे दिसतो. आवाजाचा पोत, त्याचा खरखरीतपणा, सगळं स्पीकरच्या आधीच तयार झालेलं असतं, त्यामुळे व्हॉल्यूम कितीही कमी केला तरी तो हरवत नाही. काहींमध्ये कमी आवाजासाठी खर्ज थोडा भरून काढलेला असतो. यामाहाची टीएचआर मालिका नेमकी घरातल्या कमी आवाजासाठीच बनवलेली आहे. ती ऐकशील तेव्हा मी काय म्हणतेय ते कळेल, पण तुझ्या बजेटमध्ये नवी मिळणं कठीण.

मग 12 हजारांत काय बघायचं? नावं घेते, पण नावांपेक्षा त्यामागचं कारण धरून ठेव, कारण मॉडेल बदलतात आणि किमतीही. रोलंडचा मायक्रो क्यूब जीएक्स 3 वॅटचा, पाच इंची स्पीकरचा, सहा पेन्सिल सेलवरही चालतो. बॉसचा कटाना मिनी 7 वॅटचा, चार इंची स्पीकरचा, तोही सहा सेलवर चालतो. ब्लॅकस्टारचा फ्लाय 3 आणखी छोटा, 3 वॅटचा, कॉटशेजारच्या स्टुलावर मावेल असा. फेंडरच्या मस्टँग मालिकेतला एलटी 25 थोडा मोठा, आठ इंची स्पीकरचा, त्यात अनेक प्रकारचे अ‍ॅम्प भरलेले असतात. वापरलेला कटाना 50 कुठे मिळाला तर तोही बघ. त्याच्यावर एक स्विच असतो, त्याने 50 वॅटचा अ‍ॅम्प 25 वर किंवा थेट अर्ध्या वॅटवर आणता येतो. तू पुढे नोकरीला लागून स्वतःचं घर घेतलंस तरी तो पुरेल. आपल्याकडे मिळणारे स्ट्रेंजरचे क्यूब स्वस्त आणि दणकट असतात, त्यांच्यावर शिकलेली कितीतरी मुलं आहेत. घेताना हेडफोनची जागा आहे का, आणि त्यातून आवाज कसा येतो, एवढं तपास.

हेडफोनची जागा असणं एक, आणि त्यातून ऐकवेल असा आवाज येणं वेगळं. गिटारचा स्पीकर साधारण 5,000 हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊच देत नाही. हेडफोन मात्र 20,000 पर्यंत सगळं ऐकवतो. त्यामुळे स्वस्त अ‍ॅम्पमध्ये डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम आणलेला खरखरीतपणा, लावून हेडफोन घातले की कानात गांधीलमाशी शिरल्यासारखं होतं. ज्या अ‍ॅम्पमध्ये हेडफोनसाठी स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारं सर्किट असतं, तिथे असं होत नाही. तुझा सत्तर-ऐंशी टक्के वेळ हेडफोनवर जाणार आहे, म्हणून स्पीकरचा आकार आणि वॅट यांच्याआधी हीच गोष्ट बघ. दुकानात जाताना स्वतःचे हेडफोन घेऊन जा, डिस्टॉर्शन लाव आणि दहा मिनिटं सलग वाजव. दहा मिनिटांनी काढून ठेवावेसे वाटले, तर तो अ‍ॅम्प तुझ्यासाठी नाही, मग कंपनी कोणतीही असो.

हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथवर गाणी ऐकायला काही अडत नाही, पण वाजवायला ते चालत नाही, कारण साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज पोहोचायला 100 ते 200 मिलिसेकंद लागतात. हवेतून आवाज 3 मिलिसेकंदांत साधारण एक मीटर जातो. म्हणजे तू तार छेडतेयस आणि अ‍ॅम्प पन्नास मीटरवर, मैदानाच्या पलीकडे ठेवलाय, असं वाटेल. ताल बसणारच नाही, आणि तू स्वतःला दोष देत राहशील. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घे. खोलीतल्या पंख्याचा आवाज कमी येतो, मग व्हॉल्यूमही कमी ठेवता येतो. व्हॉल्यूमबाबत जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा लक्षात असू दे: 80 डेसिबल आठवड्याला 40 तास, आणि आवाज 90 डेसिबलवर गेला की तीच मुदत आठवड्याला 4 तासांवर येते. कानांत शिट्टी वाजायला लागली तर त्या दिवशी गिटार ठेवून दे.

अ‍ॅम्प न घेताच चालेल का? चालेल, आणि पैसे कमी असलेल्या वाचकांनी हा पर्याय आधी बघावा. गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. व्हॉक्सची अ‍ॅम्पप्लग दोन छोट्या सेलवर चालते, फेंडरची मस्टँग मायक्रो चार्ज करता येते. आवाज बाहेर येतच नाही, फक्त हेडफोनमध्ये. बसमध्ये, गावी, कुठेही बरोबर नेता येते. तुझ्याकडे लॅपटॉप असेल तर दुसरी वाट ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीची. गिटार इंटरफेसला, इंटरफेस लॅपटॉपला, आणि आत अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर तर फुकट आहे आणि त्याचा आवाज खरोखर चांगला आहे. पुढे रेकॉर्डिंगही करता येतं. तरी मी तुला ही वाट पहिली म्हणून सुचवणार नाही. विंडोजवर ड्रायव्हर नीट बसेपर्यंत आवाज उशिरा येतो, आणि दिवसभर ज्या लॅपटॉपवर असाइनमेंट केल्या त्याच्याचसमोर पुन्हा बसून वाजवायचं, हे फार कमी जणींना जमतं. कॉलेजमधून आल्यावर एक खटका दाबला की वाजायला लागेल, अशी वस्तू असली तर रियाज रोज होतो.

आईचा सल्ला मायेचा आहे, पण त्यात एक उलटं गणित लपलंय. साधी गिटार गप्प करता येत नाही. ती पोकळ पेटी आवाज मोठा करण्यासाठीच बनवलेली असते. रात्री अकरा वाजता जोरात कॉर्ड वाजवलीस तर भिंतीपलीकडच्या ताईला ती स्पष्ट ऐकू जाईल, आणि साध्या गिटारला हेडफोनचं भोकही नसतं. तुमच्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिक गिटार हीच जास्त शहाणी निवड आहे. आईला तसंच सांग, तिला पटेल.

भावाकडून अ‍ॅम्प मागवण्याचा विचार मात्र सोड. तिथली वीज 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ, आपली 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. तिथला अ‍ॅम्प इथल्या सॉकेटला थेट लावला तर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर आतलंही काही जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो जड, वेगळ्या खर्चाचा, आणि स्वतः गुणगुणणारा. अडॅप्टरवर 100 ते 240 व्होल्ट असं छापलेलं असेल तरच वस्तू इथे चालते. शिवाय बिघडली तर वॉरंटी कुणाकडे मागणार? अ‍ॅम्प पुण्यातच, बिल घेऊन घे.

विजेवरून आठवलं. पेइंग गेस्टच्या बऱ्याच खोल्यांत सॉकेटला तीन भोकं असतात, पण अर्थिंगची वायर आत जोडलेलीच नसते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल तर आधी मोठी घरघर ऐकू येते, आणि कधीकधी तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबव आणि काकूंना सांगून वायरमनला बोलावून घे. हा आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. प्लगची तिसरी पिन काढून दोन पिनांच्या बोर्डात खोचायचा उद्योग कुणी कितीही सहज करताना दिसलं तरी तू करू नकोस. सेलवर चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये ही काळजी जवळजवळ संपते, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तरी रियाज चुकत नाही.

अ‍ॅम्प आला की तो जमिनीवर ठेवायचा नाही. खर्ज भिंतीतून जितका जातो त्याहून जास्त स्लॅबमधून उतरतो. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर 82 हर्ट्झचा, तो काकूंच्या छताला जाऊन गुणगुणतो आणि वर तुला त्याचा पत्ताही नसतो. खुर्चीवर दुमडलेली गोधडी टाकून त्यावर ठेव, कोपऱ्यापासून लांब, तोंड तुझ्या कानाकडे. अ‍ॅम्प कानाच्या उंचीवर आला की कमी व्हॉल्यूममध्येही तो भरपूर वाटतो. फ्लॅटमधल्या मधल्या भिंती बहुतेक चार इंची विटांच्या असतात, त्या बोलणंही अडवत नाहीत. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवून आवाज अडत नाही, खोलीतला प्रतिध्वनी फार तर थोडा कमी होतो, आणि काकूंचा रंग मात्र खराब होतो. दाराच्या खालची फट पायपुसण्याने बंद केलीस तर त्याने जास्त फरक पडेल. आणि हेडफोन लावले म्हणून तू संपूर्ण शांत झालीस असं समजू नकोस. पिक तारांवर आपटण्याची टकटक शेजारच्या कॉटवर ऐकू येते. पायाने धरलेला ठेका तर थेट खाली पोहोचतो. चप्पल काढ आणि मांडी घालून बस.

आता माणसांकडे येते. ‘दोघींना संगीताची आवड नाही,’ असं तू लिहिलंस. त्यांना विचारलंस का? तुझ्या पत्रात त्यांचं एकही वाक्य नाही, सगळं तुझ्या अंदाजातून आलंय. ज्यांना संगीत फार आवडतं त्यांनासुद्धा रियाज ऐकवत नाही. चार सेकंदांची एकच ओळ चाळीसदा, दर वेळी त्याच जागी अडखळत, हे ऐकायला धीर लागतो. त्यावर कुणी कपाळाला आठ्या घातल्या तर त्या गाण्यावर नाहीत, पुनरावृत्तीवर आहेत. आणि ‘कसं पटवू’ या शब्दांतच तू निर्णय आधी घेऊन टाकलायस. त्या घराचं भाडं चौघी भरता, तेव्हा तिथली शांतताही चौघींची आहे.

अ‍ॅम्प घेण्याआधी, घेतल्यानंतर नाही, एकदा चहा करून चौघी बसा. एमपीएससी करणारी ताई अभ्यासिकेत किती वाजता जाते आणि कधी परत येते, ते विचार. पुण्यातल्या अभ्यासिका सकाळी लवकर उघडतात, बरीच मुलं-मुली दिवसभर तिथेच असतात. तसं असेल तर तुझं कॉलेज सुटल्यापासून ती परत येईपर्यंतचा वेळ तुझाच आहे, आणि तुला तो माहीतही नाही. जोडीदारीण ऑफिसमधून सातला येत असेल तर तिला आल्याआल्या तासभर निवांतपणा लागेल, तो दे. स्पीकरवर वाजवायची वेळ ठरवून घ्या, रोज अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त मागू नकोस. बाकी वेळ हेडफोन. ताईची पूर्व किंवा मुख्य परीक्षा महिन्यावर आली की स्पीकर पूर्ण बंद, हे तू स्वतःहून म्हण. तिने मागण्याआधी तू म्हटलंस तर पुढचे अकरा महिने सोपे जातील. यात तिला पटवायचं काही नसतं, तिची काळजी घ्यायची असते, आणि ती तुला घेता येईल याबद्दल मला शंका नाही. नाहीतर तू हे पत्र लिहिलंच नसतंस.

काकूंना वगळू नकोस. वर काय आलंय हे त्यांना आवाजावरून कळण्याऐवजी तुझ्याकडून कळू दे. ठरवलेल्या वेळी, ठरवलेल्या व्हॉल्यूमवर मैत्रिणीला वाजवायला लाव आणि तू खाली त्यांच्या हॉलमध्ये जाऊन ऐक. त्यांनाही विचार. त्या म्हणतील तिथे खुंटीवर पेनाने खूण कर आणि तिच्या पुढे जाऊ नकोस. कायद्याचंही माहीत असू दे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात परिसरातल्या आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. हे भांडताना वापरायला सांगत नाहीये. दहानंतर स्पीकरला हात लावायचा नाही, एवढं त्यातून घे.

एखाद्या हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, वॉर्डनची परवानगी लागणाऱ्या वाचकांसाठी वाट आणखी सोपी आहे. तिथे स्पीकरचा विचारच नको, जॅकमध्ये खोचायची डबी घ्या आणि उरलेल्या पैशांतून जॅमरूमचे तास. स्वतंत्र खोली असलेल्यांनी छोटा अ‍ॅम्प बिनधास्त घ्यावा.

तुझ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: 3 ते 10 वॅटच्या आतला, सेलवर चालणारा, हेडफोनवर चांगला वाजणारा छोटा डिजिटल अ‍ॅम्प. सगळे 12 हजार त्यात घालू नकोस. मामाने दिलेली गिटार वापरलेली आहे, तिचा एकदा नीट सेटअप करून घे, नव्या तारा, मानेचा वाक, तारांची उंची. बेसूर आणि बोटं दुखवणाऱ्या गिटारला कोणताही अ‍ॅम्प वाचवू शकत नाही, आणि या कामाला अ‍ॅम्पच्या मानाने फार थोडे पैसे लागतात. एक बरी केबलही घे, स्वस्त केबल खरखरायला लागते आणि आपण अ‍ॅम्पला दोष देतो. वापरलेली वस्तू घेतलीस तर विकणाऱ्याच्या घरी जाऊनच घे, सगळ्या खुंट्या फिरवून बघ, हेडफोनचं भोक हलवून बघ, आणि अर्धा तास चालू ठेवून गरम झाल्यावर पुन्हा ऐक.

सीनियरला आजच नकार कळव, म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईक बघता येईल. फिरोदियाच्या टीमची तालीम कधीपासून आहे आणि तालमीच्या जागी अ‍ॅम्प असतो का, हे त्याच फोनवर त्याला विचार. तिथे असेल तर तुला मोठ्या अ‍ॅम्पची गरज वर्षभर तरी पडणार नाही. आणि भावाला काही मागायचंच असेल तर वायरचे चांगले हेडफोन माग. त्यांना सॉकेट लागत नाही, त्यामुळे 120 व्होल्टची भानगडही नाही.